ब्रेकमधली हवा

१

गाडी मी दुपारी पाहिली आणि दुपारीच घेतली. घासाघीस केली नाही. जन्मभर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलो. एक गाडी आपली असावी असं वाटलं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, या वयात?" मी म्हणालो, "मग कोणत्या वयात?" विषय तिथेच संपला.

गाडी इटलीची. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची. मागे सीट म्हणून जे आहे त्यावर पिशवी बसते, माणूस बसत नाही. रंग कधीकाळी लाल असावा. चाकांवरच्या पत्र्याला गंज होता. दारं उचलून लावावी लागत, काचा अर्ध्यावर अडकत. पण इंजिन कुणी खोललेलं नव्हतं. मी ते हाताने फिरवून पाहिलं. फिरलं.

विकणारा म्हातारा फोटोग्राफर होता. दुकान बंद करून घरी बसलेला. तो म्हणाला, "मिस्त्री, परवा एकजण आला होता. त्याने आधी आरशात स्वतःचे केस पाहिले. तुम्ही खाली वाकून पाहिलंत. गाडी तुमची."

"दुरुस्ती अर्धवट का सोडलीत?" मी विचारलं.

"थकलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"मग झालं तर. हाताखाली कुणीतरी लागतंच."

तो आत गेला आणि किल्ली घेऊन आला. गाडी टो करून नेताना तो दारात उभा नव्हता. माणसं आपली गाडी जाताना पाहायला थांबतात. हा थांबला नाही.

२

आमच्या घराला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे अडगळ असे. मी ती रिकामी केली, जमिनीवर सिमेंट घातलं, दिवा मोठा लावला. या खोलीत आणि स्वयंपाकघरात एकच भिंत. भिंतीत वर हवेसाठी जाळी आहे. तिकडची भांडी इकडे ऐकू येतात, इकडचा हातोडा तिकडे.

आमच्या घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती दुधाशी बोलायची, नळाशी बोलायची, फोन लागत नसेल तर फोनशी बोलायची. शेजारणी म्हणत, तुमच्याकडे रेडिओची गरज नाही. मी कमी बोलतो. मला त्याची कधी अडचण झाली नाही, कारण माझ्या वाट्याचं तीच बोलून टाकायची. डॉक्टरकडे गेलो तरी माझं कुठे दुखतं ते ती सांगे.

गाडीला तिने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, बसकी. "ही बसकी उठणार कधी?" रोज सकाळी चहा देताना विचारायची.

कामाला मी ब्रेकपासून सुरुवात केली. न चालणाऱ्या गाडीने कुणी मरत नाही, न थांबणाऱ्या गाडीने माणूस मरतो. ब्रेकचा कुठलाही भाग बदलला की नळ्यांमध्ये हवा शिरते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, पेडल नुसतं लोण्यासारखं खाली जातं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी आडवा पडतो. चाकामागे एक बारीक निपल, म्हणजे पान्ह्याने फिरवायची तोटी, असतं. आतल्याने पेडल दाबून धरलं की खालच्याने निपल उघडायचं. बुडबुडे आणि तेल नळीतून बाटलीत येतात. निपल बंद करायचं, मगच आतल्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा उलट आत.

खालच्याला आतला दिसत नाही. म्हणून डेपोत आमचा नियम होता. खालचा सांगेल, आतला उत्तर देईल, आणि उत्तर आल्याशिवाय पान्हा हलणार नाही. 'दाब' म्हटलं की 'दाबलं'. 'धर' म्हटलं की 'धरलं'. 'सोड' म्हटलं की 'सोडलं'. मान डोलावलेली चालत नाही. पाय दिसला तरी चालत नाही. उत्तर म्हणजे माणूस. या नियमाने मी नोकरी काढली आणि माझ्या हातची एकही बस कुठे आदळली नाही.

बायकोला मी सीटवर बसवलं. ती बसताना म्हणाली, "अगं बाई, ही सीट आहे की विहीर?"

"दाब," मी खालून म्हणालो.

"दाबलं."

"धर."

"धरलं. किती वेळ धरू? दूध आहे गॅसवर."

"बोलू नकोस. धर."

"पाय धरलाय ना? तोंड कशाला धरू?"

"सोड."

"सोडलं. आणि दूध उतू गेलं तर तेही तुम्हीच पुसा."

अशी आमची कामं चालत. मला ती आवडत होती. तिला सांगितलं नाही.

३

मागच्या चाकांचे ब्रेक उघडले तेव्हा आतले भाग संपलेले निघाले. नवे मिळायला वेळ लागला. बसवले, नळ्या जोडल्या. दुपार होती. जाळीकडे तोंड करून मी हाक मारली, "अगं, जरा ये. पेडल." आणि गाडीखाली शिरलो. या वयात एकदा खाली शिरलं की काम संपेपर्यंत बाहेर येणं परवडत नाही. गुडघे हिशोब मागतात.

थोड्या वेळाने सीटची स्प्रिंग वाजली. 

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

दोन्ही चाकं झाली. बाटलीत काळं तेल आलं, बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल आलं. त्या दिवशी ती फार बोलली नाही. मला वाटलं, आज शहाणपण आलंय. मी बाहेर आलो, हात पुसले. सीट रिकामी होती. दार लावलेलं होतं. ते दार उचलून लावावं लागतं आणि आपटल्याशिवाय बसत नाही. आपटल्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

तेवढ्यात बाहेरचं फाटक वाजलं. बायको आत आली. हातात भाजीची पिशवी, चपला धुळीने भरलेल्या.

"शिंपीण भेटली हो वाटेत. सोडतच नव्हती. उभं राहून राहून पाय मोडले."

"कधी गेलीस?"

"तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. सांगून गेले. तुम्ही ऐकता कुठे?"

खोलीत परत गेलो. काही लोक पेडल आणि सीट यांच्यात काठी अडकवून एकट्याने काम भागवतात. मी काठी शोधली. काठी नव्हती. असती तरी काठी सोडत आणि दाबत नाही. बाटली जागेवर होती. मी ती उजेडाला धरली. तेल खरं होतं.

मग मी पेडलवर पाय ठेवून पाहिला. दगडासारखं घट्ट. काम उत्तम झालं होतं.

माझे कान डेपोत गेलेत. उजव्या कानात कायम शिट्टी वाजते. मी स्वतःला सांगितलं, ती येऊन बसली, काम करून गेली, मग भाजीला गेली. आपणच वेळ विसरलो. म्हातारपण दुसरं काय असतं. त्यावर मी जेवलो आणि झोपलो.

४

गाडी सुधारत गेली. मागच्या नळ्या पाझरल्या म्हणून दोन-तीनदा पुन्हा हवा काढली; मी जाळीकडे हाक मारून खाली शिरे आणि वरून उत्तर येई. दारांच्या बिजागऱ्या नव्या केल्या, ती एका बोटाने लागू लागली. काचा वर जाऊ लागल्या. वायरी सगळ्या उपसून पुन्हा ओढल्या. कार्बोरेटर दोन, ते धुऊन एकमेकांशी जुळवले. एका दुपारी इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मी दार उघडं ठेवून तो आवाज ऐकत उभा राहिलो. घशाच्या तळातून येणारा, भरलेला आवाज होता. बसचं इंजिन ओरडतं. हे बोलत होतं.

बायको पदराला हात पुसत आली. "आवाज छान आहे हो," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज चिरका लागत होता.

"घसा बसलाय?"

"बसलाय खरा. बडबड बाधली असणार. तुम्ही म्हणताच."

मी तसं कधी म्हटलं नव्हतं. मनात म्हटलं असेल.

पुढचे ब्रेक राहिले होते. मी तिला म्हणालो, बस जरा. ती म्हणाली, "आज नको. उजवा पाय फार जड आहे. भरल्या घागरीसारखा." म्हणून मी बाकीची कामं केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत झोपली होती. मी दारातून पाहिलं. तोंड भिंतीकडे, श्वास चालू. मग मी गाडीच्या खोलीत आलो आणि आतून कडी लावली. कडी का लावली हे तेव्हा मी स्वतःला नीट सांगितलं नव्हतं.

खाली शिरलो. आवाज मुद्दाम इतका बारीक केला की जाळीतून जाणार नाही.

"दाब."

सीटची स्प्रिंग वाजली.

"दाबलं."

तिचा आवाज. पण चिरका नव्हे. आधीचा, भरलेला. 

"धर," मी म्हणालो. माझ्या तोंडातून ते सवयीने गेलं.

"धरलं. किती वेळ धरू?"

मी निपल उघडलं. तेल आलं, बुडबुडे आले. लोक विचारतील, तेव्हाच बाहेर का आला नाहीस. निपल उघडं होतं. निपल उघडं असताना उठत नाहीत. ते बंद केलं, 'सोड' म्हणालो, 'सोडलं' आलं. मग दुसरं चाक होतं. एका चाकाची हवा काढून दुसऱ्याची ठेवणं म्हणजे काम न करण्यापेक्षा वाईट. तेही केलं. मग खूप वेळ तसाच पडून राहिलो. वर कुणी हललं नाही, दार उघडलं नाही. 

बाहेर आलो तेव्हा कडी आतून लागलेली होती. सीट रिकामी.

संध्याकाळी बायकोने जेवायला हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. ती स्वतःच चकित झाली. मग घशाकडे बोट दाखवून हसली. मी ताटावर बसलो. घास घेताना पहिल्यांदा मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू आला.

५

घशाच्या डॉक्टरने आत दिवा घालून पाहिलं. म्हणाला, सगळं जागच्या जागी आहे, आवाजाला विश्रांती द्या. विश्रांती दिली. आवाज आला नाही. घरात फ्रिज ऐकू येऊ लागला. नळाचा थेंब ऐकू येऊ लागला. दूध तिने गुपचूप उतरवलेलं मला कळेना, आणि ते न कळणं मला त्रास देई.

लेक आली. दारातच म्हणाली, "घराला काय झालंय?"

"काही नाही."

"आईशी भांडलात?"

"मी भांडत नाही."

"तेच तर, बाबा. तुम्ही गप्प बसता, समोरच्याला दोघांचं भांडावं लागतं."

बायको हसली. आवाज नसलेलं हसू मी तोवर पाहिलं नव्हतं. मी मान फिरवली.

लेक म्हणाली, "आईला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. मला तिने सांगितलं, खुणांनी. मला नीट कळलं नाही. कळलं ते आवडलं नाही."

बायकोने माझं मनगट धरलं आणि मला ओट्यापाशी नेलं. खाली बोट दाखवलं. ती जिथे उभी राहून स्वयंपाक करते तिथे फरशीवर एक चकाकी आली होती. चवड्याएवढी. उजव्या पायाच्या जागी. ती माझ्या कानाशी आली आणि श्वासाने बोलली. एकेक शब्द हवेतून वेचावा लागत होता.

"तुम्ही तिकडे धर म्हणता. माझा पाय इथे धरतो. सोड म्हणेपर्यंत उचलत नाही."

"झोपेत असलीस तरी?"

"पलंगाच्या पायथ्याच्या दांडीवर. तिथे पोचा पडलाय. बघा."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुमचं काम चाललं होतं."

लेक मध्ये पडली. "बाबा, ती गाडी विकून टाका."

"अर्धी गाडी कोण घेतो?"

"मग अर्धीच राहू द्या ना. आई पूर्ण राहू दे."

तिला तोंड आईचं आहे. मी उत्तर दिलं नाही. बायकोने ते होकार म्हणून घेतलं. तिची ती जुनी सवय. माझ्या गप्प बसण्यातला तिला सोयीचा अर्थ ती घेते, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

६

लेक गेली. मी बरेच दिवस त्या खोलीत गेलो नाही. घरात बसून राहिलो. बायको समोर बसून कांदे निवडे. आम्ही दोघं म्हातारे झालोत हे मला त्या दिवसांत समजलं. बोलणं चालू होतं तोवर ते झाकलेलं होतं.

मला एकच गोष्ट करायची होती. मला डोळ्यांनी पाहायचं होतं. पेडलवर काही नाही, हे एकदा पाहिलं की विषय संपेल. मग तिचा पाय म्हणजे वात, घसा म्हणजे घसा, आणि माझे कान म्हणजे डेपो. तिला सांगता येईल, बघ, काही नव्हतं. माणसाच्या बुद्धीला धरायला काहीतरी लागतं.

त्यासाठी संधी होती. पेडलखालचं कार्पेट काढलं तर तळाचा पत्रा कुजलेला होता. तो कापून नवा बसवायचाच होता. मी कापला. ताटाएवढं भोक झालं. गाडी लोखंडी तिपायांवर, म्हणजे घोड्यांवर, उचललेली होती. खाली पडून मान वाकडी केली की पेडल खालून दिसे.

दुपार होती. जाळीतून भांडी ऐकू येत होती. बायको ओट्याशी होती, जागी. मी खाली शिरलो. सिमेंटचा गारवा पाठीत शिरत होता.

"दाब."

भांडी थांबली.

"दाबलं."

तिथेच पुरे करायला हवं होतं. पण पाहिलं नव्हतं.

"धर."

"धरलं."

मी पाठीवर सरकत पुढे गेलो आणि मान वळवली.

पेडल तळापर्यंत दाबलेलं होतं. त्यावर पाय होता. अनवाणी, उजवा. टाचेला भेगा होत्या. घोट्याजवळ डाग होता, लेकीच्या लहानपणी उकळतं पाणी सांडलं तेव्हाचा. त्या डागावर मलम मी लावलं होतं. पाय पोटरीपर्यंत होता. त्याच्या वर स्टिअरिंग दिसत होतं आणि छताचं कापड दिसत होतं. मध्ये जे असायला हवं ते नव्हतं.

बोटं थरथरत होती. बस चढावर धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरची थरथरतात तशी. तो पाय फार थकला होता. भीती नंतर वाटली. आधी तेच वाटलं.

मी बाहेर आलो. 'सोड' न म्हणता आलो. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

स्वयंपाकघरात बायको ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. उजवा चवडा फरशीवर दाबलेला, पोटरी उडत होती. गॅसवर पातेलं उकळून आटत चाललं होतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मी गॅस बंद केला. तिचं कपाळ पुसलं.

"सोड," मी म्हणालो.

तिने मान हलवली. नाही.

मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी तिचा पाय उचलू लागलो. मी इंजिनं उचललीत. तो उचलला नाही. तिचा हात माझ्या डोक्यावर आला. असू दे, अशा अर्थाने.

७

मी पुन्हा गाडीखाली गेलो. वर पाहिलं नाही.

"सोड."

उत्तर आलं नाही.

"सोड." मी मोठ्याने म्हणालो. पलीकडून जाळीतून तिचा श्वास येत होता, तुटक. "सोड. अगं सोड. मी सांगतोय ना."

वरून आवाज आला. तिचाच, भरलेला. पण त्यात थट्टा नव्हती.

"आता नाही सुटत हो. फार वेळ धरलंय."

मी पान्हा खाली ठेवला.

"जरा तुम्ही बसा ना," आवाज म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला स्वतःसाठी काम सांगितलं नव्हतं. मी बाहेर आलो. दार एका बोटाने उघडलं. सीटवर कुणी नव्हतं. सीटला माणसाच्या बसण्याचा खळगा होता. पेडल तळाशी होतं, आणि त्यावर काही नव्हतं.

मी बसलो. खळगा गरम होता. उजवा पाय पेडलवर ठेवला तर तळव्याला रबर लागलं नाही. ऊबदार आणि हाडाचं काहीतरी लागलं. ते हळूहळू माझ्या पायाखालून निघालं, झोपलेल्या माणसाच्या मानेखालून हात काढावा तसं. मग रबर लागलं. पेडलचं वजन माझ्या पायावर आलं. ते पेडलच्या मानाने फार होतं.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आणि बायकोचा आवाज आला. खणखणीत, पूर्ण, तिच्या तोंडातून.

"अहो, सुटला. पाय सुटला माझा. ऐकताय का?"

मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं. त्याच वेळी गाडीखालून, मागच्या चाकापाशी, कुणीतरी म्हणालं, "धर."

म्हाताऱ्या माणसाचा कोरडा आवाज. ओळखीचा वाटला नाही. पण आपला आवाज बाहेरून कसा येतो हे माणसाला कुठे ठाऊक असतं.

विचारल्यावर उत्तर द्यायचं हा नियम आहे.

"धरलं," मी म्हणालो.

त्यानंतर मी बोललेलो नाही. येत नाही.

८

त्या दिवशी 'सोड' आलं, संध्याकाळच्या आत. पाय सुटला, मी घरात आलो. खोलीला बाहेरून कुलूप घातलं. तेव्हापासून आत गेलो नाही.

पुष्कळ जणांना कळलंच नाही. मी आधीही फारसा बोलत नसे. लेक फोनवर तिच्याशी तासभर बोलते आणि शेवटी विचारते, "बाबा कसे आहेत?" बायको म्हणते, "आहेत की, इथेच बसलेत." बायकोला मात्र पहिल्याच जेवणात कळलं होतं. ताट वाढता वाढता ती थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग मीठ पुढे सरकवलं. मला ते मागायचं होतं.

आता ती पुन्हा बोलते, पण पूर्वीसारखं नाही. माझं ऐकायला थांबल्यासारखी मध्येच थांबते.

काम चालू आहे. खिडकीच्या फटीतून मी एकदा पाहिलं. तळाचा पत्रा नवा बसवलाय. वेल्डिंगचा सांधा सरळ आणि बारीक आहे. मी याहून चांगला केला असता असं म्हणवत नाही. चाकांवरच्या गंजाची जागा भरून घासलेली आहे. लाल रंगाचा पहिला हात झालाय, कुठेही ओघळ नाही. गाडी सुंदर दिसते. फोटोग्राफरच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. पत्ता तोच, राहणारे दुसरे.

दुपारी जाळीतून पान्ह्याचा आवाज येतो. मग माझा पाय खुर्चीखाली जड होतो. तिकडून शब्द येतात, माझा पाय ते करतो. उत्तर मी देत नाही, देता येत नाही. पण तिकडे उत्तर पोचत असावं, कारण काम थांबत नाही. प्रत्येक वेळी 'सोड' यायला जास्त वेळ लागतो. परवा दिवस मावळेपर्यंत आलं नाही. बायको पोटरीला तेल चोळत बसली. म्हणाली, "मला द्या ना थोडा वेळ. मला सवय आहे." मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हलवली. मला तिचा आवाज हवा आहे. हे मी कधी बोललो असतो असं नाही. पण आता बोलता येत नाही, हे वेगळं.

आज दुपारी जेवण झालं आणि आम्ही टेबलापाशीच बसलो होतो. ती शिंपिणीचं काहीतरी सांगत होती, सुनेशी कसं पटत नाही ते. मी ऐकत होतो. पलीकडे घोडी सरकल्याचा आवाज झाला. माझा पाय फरशीवर टेकला आणि दाबला गेला. ती बोलायची थांबली. खुर्ची ओढून जवळ आली. चप्पल काढली आणि आपला उजवा पाय माझ्या पायावर ठेवला.

"दोघं मिळून धरू," ती म्हणाली. "अर्धं अर्धं. किती वेळ पुरणार तुम्ही एकटे?"

मी तिचा पाय ढकलला. तिने परत ठेवला. तिच्या पायाची ऊब मी ओळखतो.

जाळीतून शब्द आला, "धर."

मी तिच्याकडे पाहून मान हलवू लागलो. नको. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, जाळीकडे पाहिलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर ती "धरलं" म्हणाली होती.